आधी हवा मोजा, मग ॲलन की उचला: हातानं घडवलेली अकूस्टिक गिटार कशी सांभाळावी

कारखान्यातली स्वस्त गिटार आणि एखाद्या कारागिरानं हातानं घडवलेली गिटार यांतला फरक दुकानात आवाजावरून कळतो. घरी आणल्यावर तोच फरक पहिल्या पावसाळ्यात पुन्हा कळतो. स्वस्त गिटारचं अंग प्लायचं असतं. पातळ थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असल्यामुळे त्या लाकडाला हलायला फारशी मुभा नसते. हातानं घडवलेल्या गिटारचा टॉप, पाठ आणि बाजू बहुतेक वेळा एकसंध लाकडाच्या असतात. टॉप म्हणजे समोरची, स्प्रूस किंवा सीडरची जेमतेम अडीच-तीन मिलिमीटर जाडीची फळी. स्टीलच्या सहा तारांचा मिळून सत्तर-पंचाहत्तर किलोंचा ताण तिला चोवीस तास सोसावा लागतो. फळी जितकी पातळ आणि तिच्या आतल्या पट्ट्या, म्हणजे ब्रेस, जितक्या हलक्या, तितकी गिटार मोकळी वाजते. त्याच कारणानं ती हवेतला ओलावाही लगेच अंगाला लावून घेते.

तारा उंच झाल्या, फ्रेटवर, म्हणजे दांड्यावरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांवर, खरखर होऊ लागली, फ्रेटची टोकं हाताला टोचू लागली, तारा टॉपला जिथे अडकवतात त्या ब्रिजच्या मागे फुगवटा आला, यातल्या बहुतेक तक्रारींचं मूळ हवेत असतं आणि लोक मात्र सॅडल, म्हणजे ब्रिजवरची तारा पेलणारी पट्टी, घासून मोकळे होतात. त्यामुळे क्रम असा ठेवावा: आधी हवा मोजायची, मग गिटार मोजायची, आणि त्यानंतरच काही फिरवायचं किंवा घासायचं.

लाकूड किती हलतं

लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही. हलतं ते रेघांना आडवं, म्हणजे रुंदीत. ड्रेडनॉट या मोठ्या आकाराच्या गिटारचा खालचा भाग सुमारे ३९७ मिलिमीटर रुंद असतो. ४५ टक्के सापेक्ष आर्द्रतेत स्प्रूसमध्ये साधारण साडेआठ टक्के पाणी असतं. २० टक्के आर्द्रतेत ते बराच काळ राहिलं तर हे पाणी साडेचार टक्क्यांच्या आसपास उतरतं. फळी मोकळी असती तर एवढ्या फरकानं ती रुंदीत दोन मिलिमीटरहून जास्त आकसली असती, आणि ८५ टक्क्यांत मुरू दिली असती तर पाचेक मिलिमीटर फुगली असती. पण ती मोकळी नसते. कडेनं ती बाजूंना चिकटलेली असते, आतून ब्रेसनी बांधलेली असते. रुंदीत जागा नाही म्हणून फुगताना ती वर उचलते, सुकताना खाली बसते, आणि सुकणं सोसेनासं झालं की रेघेच्या दिशेनं चिरते.

म्हणूनच 'फ्लॅटटॉप' म्हणवणाऱ्या गिटारचाही टॉप पूर्ण सपाट नसतो. ब्रेसना खालून किंचित कमान दिलेली असते. टॉपसाठी ती साधारण साडेसात ते नऊ मीटर त्रिज्येची, पाठीसाठी साडेचार मीटरच्या आसपास. आकसण्यासाठी हाताशी ठेवलेली ही शिल्लक आहे. ती किती आहे हे ब्रेस चिकटवताना खोलीत आर्द्रता किती होती यावर ठरतं. कारागिराला विचारण्याजोगा सगळ्यात उपयोगी प्रश्न हाच. जाणते कारागीर बहुधा ४० ते ४५ टक्क्यांत हे काम करतात. उत्तर 'मोजली नव्हती' असं आलं आणि कार्यशाळा किनाऱ्यावरची असेल, तर ती गिटार मुंबई-गोव्यात सुखात राहील. हीटर लावलेल्या घरात हिवाळ्यात आर्द्रता सहज २०-२५ टक्क्यांवर येते, तेव्हा न्यू जर्सी किंवा म्युनिकच्या घरी नेल्यावर तिचाच टॉप चिरू शकतो. भारतातून गिटार बनवून परदेशी नेणाऱ्यांनी हे आधी बघावं, लाकडाची जात नंतर.

आपल्याकडची हवा

मुंबई, कोकण, गोव्यात जुलै-ऑगस्टमध्ये आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास असते. बाकी वर्षभरही हवा दमटच, पण झोके मोठे नसतात. पुणे-नाशिक जास्त फसवे. पावसाळ्यात ८० च्या वर आणि मार्च-एप्रिलच्या दुपारी विशीत. 'पुण्याची हवा चांगली' हे माणसांपुरतं खरं मानावं. गिटारसाठी किनाऱ्यापेक्षा हा चढउतार वाईट.

विदर्भात मे महिन्यात हवा आणखी कोरडी, पण तिथे कूलर असतो. कूलर हवेत पाणी सोडूनच ती थंड करतो, त्यामुळे कूलर चालू असलेल्या खोलीत ६०-७० टक्के आणि शेजारच्या खोलीत २० अशी स्थिती असते. रात्रभर कूलरसमोर आणि दिवसभर बंद खोलीत भिंतीवर टांगलेली गिटार रोज एक मोठा झोका खाते. एसी उलट हवा सुकवतो. पावसाळ्यात ते चांगलंच आहे, पण एसीच्या गार खोलीतली गिटार थेट दमट गच्चीत नेली की तिच्यावर बाष्प जमतं. केस, म्हणजे गिटारची पेटी, बंद ठेवून अर्धा तास बाहेरच्या तापमानाला येऊ द्यावी, मग उघडावी.

कोणत्याही गावात राहत असाल तरी चार-पाचशे रुपयांचा डिजिटल आर्द्रतामापक घ्या आणि तो भिंतीवर न लावता केसच्या आत, नेकच्या (दांड्याच्या) टोकाजवळ ठेवा. स्वस्त मापक पाच-दहा टक्क्यांनी चुकू शकतात, म्हणून आधी तपासा. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घ्या आणि ते ओल्या वाळूसारखं होईल एवढेच पाण्याचे थेंब टाका. मीठ विरघळून जाता कामा नये. झाकण आणि मापक एका झिपच्या पिशवीत बंद करून बारा तास खोलीत ठेवा. संपृक्त मिठावरच्या हवेत नेहमीच्या तापमानाला ७५ टक्के आर्द्रता असते. मापक ७० दाखवत असेल तर पुढच्या प्रत्येक आकड्यात पाच मिळवायचे.

४५ ते ५५ टक्के ही गिटारची आवडती पट्टी. ४० ते ६० पर्यंत काळजी नको. मुंबईच्या जुलैत ६५ च्या खाली राखलं तरी पुष्कळ.

पावसाळ्यात गिटार वाजवून झाली की कडक केसमध्येच ठेवा आणि केसमध्ये दीड-दोनशे ग्रॅम सिलिका जेल सुती पिशव्यांत घाला. सिलिका जेल स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाहून अधिक पाणी शोषतं आणि मग तृप्त होऊन नुसतं पडून राहतं. रंग बदलणारे मणी घ्यावेत, म्हणजे केव्हा भरलं ते दिसतं. निळ्याचे गुलाबी होणारे मणी टाळा, त्यांत कोबाल्ट क्लोराइड असतं. नारिंगीचे हिरवे होणारे चालतील. भरलेलं जेल ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन तास तापवलं की पुन्हा वापरता येतं. दसरा-दिवाळीच्या सुमारास मापक ५० च्या खाली जाऊ लागला की जेल काढून टाका. ही गोष्ट विसरली जाते आणि जानेवारीत तेच जेल गिटार कोरडी करत बसतं.

कोरड्या महिन्यांत उलट काम. भोकं पाडलेल्या साबणदाणीत ओला करून घट्ट पिळलेला स्पंज ठेवून ती केसमध्ये हेडस्टॉकजवळ (खुंट्या असलेल्या टोकाजवळ) ठेवता येते. दुसरी साउंडहोलमध्ये, म्हणजे टॉपवरच्या गोल भोकात, लटकवायची. थेंब पडेल असा स्पंज कधीही नको. बाजारात दोन्ही दिशांनी काम करणारी ४९ टक्क्यांची पाकिटं मिळतात, ओलावा देणारी आणि घेणारी. पुण्या-नागपूरच्या कोरड्या ऋतूत ती उत्तम. कोकणच्या पावसाळ्यात मात्र काही आठवड्यांत उशीसारखी फुगतात आणि काम थांबवतात. तिथे सिलिका जेलच बरं आणि स्वस्त.

केसच्या आतलं मखमली अस्तर ओलावा धरून ठेवतं. श्रावण संपून उघडीप मिळाली की गिटार बाहेर काढून रिकाम्या केसला ऊन दाखवा. गिटारला ऊन दाखवायचं नाही. अस्तरावर बुरशी दिसली तर ती कोरड्या ब्रशनं घराबाहेर झटकावी. डांबरगोळ्या केसमध्ये टाकू नयेत, त्यांची वाफ लॅकर आणि प्लॅस्टिकचे भाग मऊ करू शकते. केस जमिनीवर भिंतीला टेकवून ठेवण्याऐवजी लोखंडी रॅकवर ठेवली तर वाळवीचीही भीती कमी.

गिटार कोरडी आहे की ओली

कोरड्या गिटारच्या फ्रेटची टोकं आधी बोलतात. फ्रेटबोर्डचं लाकूड रुंदीत आकसतं, धातूचे फ्रेट आकसत नाहीत, म्हणून टोकं बाहेर येऊन बोटांना खरचटतात. साउंडहोलच्या मागे, ब्रिजच्या पुढे टॉपवर स्टीलची पट्टी आडवी ठेवली तर मधे कमानीऐवजी खळगा दिसतो. तारा खाली येतात, खरखर वाढते. ओल्या गिटारमध्ये ब्रिजच्या मागे पोट सुटतं, तारा उंच होतात, आवाज जड आणि कोंदट होतो, साध्या तारा आठवड्या-दोन आठवड्यांत काळ्या पडतात.

फ्रेटची टोकं टोचतात म्हणून लगेच कानस चालवू नका. आठ-दहा दिवस ४५-५० टक्क्यांत ठेवून पाहा. पुष्कळदा टोकं परत आत जातात. ताजी, केसासारखी बारीक चीर दिसली तर तिला बोट, तेल, पॉलिश, फेवीक्विक यांपैकी काहीही लावायचं नाही. तारा दोन स्वर उतरवा आणि हळूहळू ओलावा वाढवत एक-दोन आठवडे थांबा. चीर बऱ्याच वेळा स्वतः मिटते. मग कारागीर तिच्यात गोंद भरतो आणि आतून स्प्रूसचे दीड-दोन मिलिमीटर जाडीचे छोटे तुकडे रेघांना आडवे चिकटवतो, म्हणजे ती पुन्हा उघडत नाही. उघड्या चिरेत तेलकटपणा गेला तर गोंद धरत नाही आणि दुरुस्ती कायमची दिसत राहते.

सेटअप: क्रम बदलू नका

लागणारी हत्यारं थोडी: फीलर गेज, अर्ध्या मिलिमीटरच्या खुणांची स्टीलची पट्टी, कॅपो (सगळ्या तारा एकाच फ्रेटवर दाबून धरणारा चिमटा), गिटारच्या ट्रस रॉडला (नेकच्या आतल्या, तिचा बाक ठरवणाऱ्या सळईला) बसणारी नेमकी ॲलन की किंवा पाना. फीलर गेज गिटारच्या दुकानात शोधू नका. गॅरेजवाले टॅपेट आणि स्पार्क प्लगची फट ज्यानं मोजतात तेच हे, ऑटो पार्ट्सच्या दुकानात मिळतं.

मापक ४५ ते ५५ दाखवत असेल आणि गिटार किमान आठवडाभर त्या हवेत असेल, तरच पुढे जा. ज्या तारा नेहमी वापरता त्याच लावून, वाजवायच्या सुरात लावून घ्या.

पहिलं मोजमाप रिलीफचं, म्हणजे नेकच्या पुढच्या बाजूला असलेल्या किंचित खोलगटपणाचं. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावा, जाडी सहावी तार जिथे नेक अंगाला मिळते त्या फ्रेटवर (बहुधा चौदाव्या) दाबा आणि सातव्या फ्रेटच्या माथ्यापासून तारेपर्यंतची फट मोजा. ०.१० ते ०.२५ मिलिमीटर हवी. जास्त असेल तर ट्रस रॉडचा नट घड्याळाच्या दिशेनं घट्ट करायचा, कमी किंवा शून्य असेल तर उलटा सैल. एका वेळी फार तर एक अष्टमांश फेरा, मग पुन्हा सूर लावून मोजायचं, आणि दुसऱ्या दिवशी परत मोजायचं, कारण लाकूड जागेवर यायला वेळ घेतं. नट घट्ट बसला असेल आणि जोर लावावा लागत असेल तर तिथेच थांबा. तुटलेला ट्रस रॉड बदलायला फ्रेटबोर्ड उचलावा लागतो. नायलॉन तारांच्या क्लासिकल गिटारमध्ये बहुधा हा रॉड नसतोच.

ट्रस रॉड तारांची उंची लावण्यासाठी नसतो. हा गैरसमज इतका पसरलेला आहे की निम्मे बिघडलेले नेक त्याच्या नावावर मांडता येतील. तो फक्त नेकचा बाक ठरवतो. उंची सॅडल आणि नट ठरवतात. हा नट म्हणजे रॉडचा नव्हे, तर हेडस्टॉकपाशी तारा जिच्या खाचांतून जातात ती पट्टी.

दुसरं नट. तिसऱ्या फ्रेटवर तार दाबून पहिल्या फ्रेटवरची फट बघा. तार फ्रेटला टेकू नये, पण फट कागदाच्या जाडीएवढीच असावी. फट मोठी असेल तर पहिल्या पट्टीतला एफ बार धरताना बोटं मोडतात आणि तिथले स्वर चढे लागतात. नटाच्या खाचा खोल करायला तारेच्या जाडीच्या खास कानशी लागतात. त्या नसतील तर हे काम कारागिराकडे द्या. खाच एकदा खाली गेली की मोकळी तार खरखरते आणि चांगला उपाय म्हणजे नवा नट.

तिसरं सॅडल. बाराव्या फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या तळापर्यंत मोजा. स्टीलच्या तारांना जाड्या बाजूला सुमारे २.४ आणि बारीक बाजूला १.८ मिलिमीटर ही बहुतेकांना मानवणारी मापं. क्लासिकलला ती चार आणि तीनच्या आसपास असतात. बाराव्या फ्रेटवर जेवढं उतरवायचं त्याच्या दुप्पट सॅडलमधून काढावं लागतं, कारण बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर आहे. अर्धा मिलिमीटर उतरवायचा असेल तर सॅडलचा एक मिलिमीटर. सॅडल काढा, तळापासून पेन्सिलनं रेघ मारा, जाड काचेवर १२० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवून तळ घासा आणि शेवटी ३२० नंबरनं सफाई करा. तळ काटकोनात आणि एकदम सपाट राहिला पाहिजे; गोलावला तर आवाज मरतो आणि खाली पिकअप असेल तर एखादी तार मुकी होते. वरचा माथा घासायचा नाही, त्याला सुरासाठी आकार दिलेला असतो.

माथ्याबद्दल एक निदान इथेच सांगण्यासारखं. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याची घोडी मुद्दाम रुंद आणि किंचित उताराची घासतात, तार तिच्यावर घासत निघते आणि जवारी, म्हणजे ती झणझणती गुंज, बोलते. गिटारच्या सॅडलचा माथा झिजून सपाट झाला की तोच प्रकार होतो, फक्त इथे तो नकोसा असतो. मोकळी तारही आणि दाबलेली तारही प्रत्येक फ्रेटवर सारखीच झणझणत असेल तर फ्रेट तपासण्याआधी सॅडलचा माथा बघा. तार माथ्याच्या पुढच्या कडेवरून स्वच्छ सुटायला हवी.

पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) अशा मोठ्या चढउताराच्या ठिकाणी दोन सॅडल करून ठेवणं हा सगळ्यात शहाणा खर्च. एक पावसाळी, थोडं बुटकं. दुसरं कोरड्या ऋतूचं, अर्धा ते एक मिलिमीटर उंच. जुलैत टॉप फुगून तारा अर्धा मिलिमीटर वर आल्या म्हणून एकुलतं एक सॅडल घासलं, तर फेब्रुवारीत टॉप खाली बसल्यावर खरखर सुरू होते आणि घासून काढलेला भाग परत लावता येत नाही. बोन, म्हणजे हाडाच्या सॅडलचा तयार तुकडा काही शे रुपयांत मिळतो. घेताना ब्रिजमधल्या खाचेची रुंदी मोजून घ्या, ती बहुधा २.४ किंवा ३.२ मिलिमीटर असते.

सॅडल इतकं घासून झालंय की ब्रिजच्या वर दोन मिलिमीटरही उरलं नाही आणि तारा तरीही उंच, असं असेल तर प्रश्न नेकच्या कोनाचा आहे. लांब सरळ पट्टी फ्रेटवर मधोमध ठेवून ब्रिजकडे सरकवा. तिचं टोक ब्रिजच्या लाकडाच्या माथ्याला जेमतेम स्पर्शून जायला हवं. ब्रिजच्या पुढच्या भिंतीला दीड-दोन मिलिमीटर खाली धडकत असेल तर नेक काढून त्याचा कोन पुन्हा बसवावा लागेल. वर्षानुवर्षांच्या ताणानं चांगल्या गिटारनाही हे होतं, त्यात कारागिराचा दोष असतोच असं नाही. म्हणून ऑर्डर देतानाच नेक बोल्टनं जोडलेला मागावा असं आमचं स्पष्ट मत. डव्हटेल (खाचेत गोंदानं बसवलेला) जोड वाफेनं सोडवावा लागतो आणि ते नीट जमणारे हात आपल्याकडे मोजके आहेत. बोल्टचा जोड ज्याला घडवता येतो त्याला सोडवताही येतो. आवाजातला फरक सांगणारे पुष्कळ भेटतील, डोळे बांधून ओळखणारे क्वचित.

ब्रिज सुटतोय का ते बघायला साधा कागद पुरतो. ब्रिजच्या मागच्या कडेखाली कागदाचा कोपरा सरकवा. कडेला अर्धा-एक मिलिमीटर आत जाणं चालतं. दोन मिलिमीटरच्या पुढे गेला तर तारा सैल करून कारागिराकडे जा. उन्हात उभ्या बंद गाडीत तापमान ६० अंशांच्या वर जातं आणि लाकडाचा नेहमीचा पिवळा गोंद साधारण त्याच सुमारास ढिला पडू लागतो. मे महिन्यात डिकीत विसरलेल्या गिटारचा ब्रिज असा सुटतो.

तारा

१२ ते ५३ (बारीक ते जाड्या तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात) हा स्टीलचा सर्वसाधारण संच. ११ ते ५२ घेतला तर ताण पाच-सात किलोंनी कमी होतो. १३ ते ५६ घेतला तर एकूण ताण ८० किलोंच्या वर जातो. हलक्या बांधणीच्या हातघडीच्या गिटारला कारागिरानं कमाल जाडी ठरवून दिलेली असते, ती ओलांडू नका. स्टीलच्या तारा क्लासिकल गिटारला कधीही नाहीत, तिचा टॉप त्याच्या निम्म्याच ताणासाठी असतो.

किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी कोटिंगवाल्या तारा घ्याव्यात. महाग पडतात, पण खारट दमट हवेत साध्या तारेच्या तिप्पट टिकल्या तरी पैसे वसूल. तार बदलताना चूक होते ती ब्रिजच्या पिनपाशी. तारेचा मणी पिनच्या टोकाला अडकून राहिला तर ताण येताच पिन उडते. मणी आत टाकून पिन सैल बसवा, तार वर ओढत मणी आतल्या ब्रिज प्लेटला टेकल्याचं जाणवेपर्यंत थांबा आणि मग पिन अंगठ्यानं दाबा. खुंटीवर जाड तारांना दोन आणि बारीक तारांना तीन वेढे पुरतात. महिनोन्महिने वाजवणार नसाल तर तारा एक स्वर उतरवून ठेवा. पार सोडून टाकू नका.

पुसणं, पॉलिश, तेल

फिनिश कोणतं ते आधी जाणून घ्या, कारण उपाय त्यावर ठरतो. पॉलियुरेथेन बहुतेक सगळं सोसतं. नायट्रोसेल्युलोज लॅकर पीव्हीसी आणि काही रबरांच्या स्पर्शानं मऊ होऊन चिकट होतं, म्हणून स्वस्त स्टँडच्या टेकूंना सुती कापड गुंडाळा. लाखेचं फ्रेंच पॉलिश सगळ्यात पातळ आणि सगळ्यात हळवं. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, म्हणजे सॅनिटायझर लावलेला ओला हात टॉपवर ठेवला तरी डाग पडतो. उजव्या कोपराखाली घामानंही ते पांढुरकं होतं. पूर्ण बाहीचा शर्ट हा त्यावर सर्वात सोपा इलाज. बरं म्हणजे हे पॉलिश जागच्या जागी पुन्हा चढवता येतं.

रोजच्यासाठी मऊ कोरडं कापड, घामाच्या डागाला किंचित ओलं. फर्निचरचे सिलिकॉनवाले स्प्रे नकोत; सिलिकॉन लाकडात शिरलं की पुढे दुरुस्तीचं लॅकर तिथे धरत नाही. एबनी किंवा रोझवूडच्या फ्रेटबोर्डला वर्षातून एकदा-दोनदा मिनरल ऑइलचे चार-पाच थेंब, दहा मिनिटांनी पूर्ण पुसून. खोबरेल तेल घरात असतं म्हणून लावलं जातं. ते हिवाळ्यात फ्रेटच्या कडांना थिजतं आणि पुढे खवट होतं. लॅकर चढवलेल्या मेपलच्या फ्रेटबोर्डला तेल लागतच नाही.

आपल्या मापाची करून घेताना

कारागिराकडे ऑर्डर देताना ग्राहकानं ठरवायच्या गोष्टी आणि कारागिरावर सोडायच्या गोष्टी वेगळ्या. हाताशी संबंधित सगळं तुम्ही ठरवा. नटाची रुंदी ४३ मिलिमीटर असेल तर कॉर्ड वाजवणाऱ्याला सोयीची, ४४.५ बोटांनी छेडणाऱ्याला, ४६ मोठ्या हाताला. क्लासिकल ५२ ची. ब्रिजपाशी पहिल्या ते सहाव्या तारेतलं अंतर ५४ ते ५८ च्या दरम्यान. स्केल, म्हणजे नट ते सॅडल, ६४५ च्या आसपास नेहमीची. ६३२ घेतली तर तारा मऊ लागतात आणि लहान हाताला फ्रेट जवळ येतात. आता वाजवत असलेल्या गिटारची ही मापं कॅलिपरनं घेऊन जा. 'थोडी रुंद हवी' यापेक्षा 'आहे ती ४३, हवी ४४.५' हे कारागिराला कळतं.

टॉपची जाडी आणि ब्रेसची मांडणी मात्र सांगू नये. हाताशी असलेली फळी वाकवून, ठोकून कारागीर ती ठरवतो, आणि दोन स्प्रूसच्या फळ्या सारख्या नसतात. तुम्ही कसं वाजवता ते त्याला ऐकवा. जोरदार पिकनं वाजवणाऱ्याला स्प्रूस, हलक्या बोटांना सीडर. सीडर मऊ असतो, नखांचे ओरखडे लवकर पडतात. इनले, बाइंडिंग, रोझेट या सजावटीत पैसे हवे तेवढे जातात आणि आवाजात काही भर पडत नाही. हे कळून केलं तर काही वाईट नाही.

तयार गिटारमध्ये नंतर बदल करताना एकच कसोटी लावा: हा बदल परत काढता येतो का? बोनचा नट, सॅडल, पिना, त्याच भोकात बसणाऱ्या खुंट्या हे सगळं उलटवता येतं. खुंट्या घेण्याआधी हेडस्टॉकमधल्या भोकाचा व्यास मोजा. बंद गिअरवाल्या खुंट्यांना बहुधा १० मिलिमीटर लागतात, जुन्या पद्धतीच्या उघड्यांना त्याहून कमी. मोठं केलेलं भोक लहान करायला बुशिंग शोधत फिरावं लागतं.

पिकअपचं प्रकरण नाजूक. साउंडहोलमध्ये अडकवायचा मॅग्नेटिक पिकअप काहीही न कापता बसतो. ब्रिज प्लेटला आतून चिकटवायचे तीन चकत्यांचे पिकअप नैसर्गिक आवाजाला जवळचे असतात, पण मोठ्या स्टेजवर शिट्टी लवकर देतात, आणि बॅटरीविना चालत असल्यानं पुढचा इनपुट किमान एक मेगाओहमचा लागतो. साध्या मिक्सरच्या लाइन इनपुटला जोडले तर आवाज पातळ आणि पत्र्यासारखा येतो. सॅडलखालच्या पिकअपला खाचेत छोटं भोक पाडावं लागतं आणि पट्टीच्या जाडीएवढं सॅडल कमी करावं लागतं. जॅकसाठी शेवटच्या ठोकळ्यातलं पट्ट्याच्या खुंटीचं भोक १२.७ मिलिमीटरपर्यंत मोठं करायचं असतं. ते ड्रिलनं नको, रीमरनं, म्हणजे भोक हळूहळू रुंद करणाऱ्या हत्यारानं. ड्रिलचं पातं आधीच्या भोकात पकडतं आणि फिनिशचा टवका उडवतं. बाजूची फळी कापून बटणांचा प्रीॲम्प बसवायला कोणी सुचवलं तर नम्रपणे नाही म्हणा. त्या प्रीॲम्पचं आयुष्य गिटारपेक्षा कितीतरी कमी, आणि तो बंद पडला की मागे आयताकृती खिडकी उरते.

कागद

हातघडीच्या पुष्कळ गिटारची पाठ आणि बाजू आपल्याच शिसवीच्या असतात. जग तिला इंडियन रोझवूड म्हणतं, शास्त्रीय नाव डालबर्गिया लॅटिफोलिया. २ जानेवारी २०१७ पासून डालबर्गिया वंशातल्या सगळ्या जाती सायटीस या, धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या नियंत्रणाखाली आल्या आणि रोझवूडच्या वाद्यांना सीमा ओलांडताना परवाने लागू लागले. २६ नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यं आणि त्यांचे तयार भाग यातून वगळले गेले. ब्राझिलियन रोझवूड मात्र १९९२ पासून सर्वात कडक परिशिष्टात आहे आणि त्याला ही सूट नाही. 'रोझवूड' एवढाच शब्द लिहिलेली पावती म्हणूनच अपुरी.

गिटार ताब्यात घेताना कारागिराकडून एक पान लिहून घ्यावं: प्रत्येक लाकडाचं शास्त्रीय नाव, फिनिशचा प्रकार, ब्रेस चिकटवतानाची आर्द्रता, तारांची कमाल जाडी, ट्रस रॉडच्या कीचं माप, नेकच्या जोडाचा प्रकार, आणि सुपूर्द करतानाचं रिलीफ व बाराव्या फ्रेटवरची उंची. एक प्रत केसच्या कप्प्यात, एक फोटो फोनमध्ये. पुढे कुठल्याही गावात कुठल्याही कारागिरापुढे गिटार ठेवली तरी त्याला सुरुवात कुठून करायची हे त्या पानावरून कळतं, आणि तुम्हालाही दर ऋतूत मोजलेले आकडे कशाशी ताडायचे हे माहीत असतं.